शिपायामागचं घर आणि वहीतलं नाव



दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. शाळेत, कार्यालयात आपल्याला एक छोटासा कागदी ध्वज मिळतो, आपण तो टाचणीने लावतो आणि डब्यात दहा-वीस रुपये टाकतो. हा निधी माजी सैनिकांसाठी, जायबंदी झालेल्या जवानांसाठी आणि जे परत आले नाहीत त्यांच्या बायका-मुलांसाठी असतो. पैसे टाकताना बरं वाटतं. पण मी वाणिज्य शाखेची पदवीधर, त्यामुळे डोक्यात लगेच प्रश्न येतो की ही रक्कम कोणत्या खात्यावर लिहायची? दान म्हणून की देणं म्हणून?

आपल्या घरात या दोन शब्दांतला फरक लहानपणीच कळतो. आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान ही दानं आपण श्रद्धेने करतो आणि त्याचं पुण्य मानतो. पण वाण्याचं महिन्याचं बिल चुकतं केलं म्हणून कुणाला पुण्य लागत नाही. ते देणंच असतं. दान थांबलं तर घेणाऱ्याने तक्रार कुणाकडे करायची? देणं थांबलं तर मात्र तो वही घेऊन दारात येऊ शकतो.

लढाईत गेलेल्या शिपायाच्या बायकोला आजवर जे मिळत आलं, ते दान होतं की देणं, हे मी आपल्या मराठी मुलखाच्या इतिहासात शोधायचं ठरवलं. अहिंसा मानणाऱ्या घरातल्या बाईने लढायांबद्दल काय लिहायचं, असं कुणी विचारेल. मी लढायांबद्दल लिहीत नाही. लढाई संपल्यावर ज्या घरात चूल पेटवायची असते, त्या घराबद्दल लिहिते आहे.

प्रतापगडानंतर

सुरुवात शिवाजी महाराजांच्या फौजेपासून करू. महाराजांची फौज दसऱ्याला बाहेर पडायची आणि आठ महिने परमुलखात असायची. पावसाळ्याचे चार महिने ती छावणीत परत यायची. आपल्या साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी राहतात, तसा फौजेचाही तो एका जागी राहण्याचा काळ. मोहिमेवर बायका न्यायच्या नाहीत, हा महाराजांचा हुकूम फार कडक होता. याचा दुसरा अर्थ असा की वर्षातले आठ महिने शेत, गुरं, सासू-सासरे, मुलं आणि सावकार हे सगळं गावात राहिलेली बाई एकटीने बघत होती.

फौजेत दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारचं. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येतो. बारगीर पडला तर घरातला कमावता माणूस गेला. शिलेदार पडला आणि घोडाही पडला, तर माणसाबरोबर घरातलं भांडवलही गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही एकाच दिवशी शून्यावर.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. खानाच्या फौजेशी झालेल्या त्या लढाईत महाराजांचीही माणसं पडली. पुढे काय केलं, हे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवलं आहे. जखमींना जखम बघून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले. होन म्हणजे सोन्याचं नाणं. जे कामी आले, त्यांच्या मुलांना चाकरीत चालवून घेतलं. आणि ज्यांना मुलगा नव्हता, त्यांच्या बायकांना नवऱ्याचं निमे वेतन, म्हणजे अर्धा पगार, चालू केला.

खानाच्या वधाची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते. हा निमे वेतनाचा भाग मात्र वाचताना आपण भरभर पुढे जातो. मी तिथेच थांबले, कारण ही सगळी हिशेबाची भाषा आहे. महाराजांनी गरीब विधवांना धान्य वाटलं किंवा लुगडी दिली, असं सभासद लिहीत नाही. तो वेतनाचा अर्धा भाग म्हणतो. आता अर्धा भाग काढायचा तर पूर्ण रक्कम माहीत असावी लागते. कोण माणूस, कोणत्या पथकात, किती वेतनावर, केव्हापासून, हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. आणि ते लिहिलेलं होतं. सबनीस हजेरी ठेवायचा, मुजुमदार हिशेब बघायचा. शिवाय चाकरीच्या बदल्यात जमीन तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्यावर महाराजांचा भर होता. म्हणून साध्या स्वाराचंही नाव आणि त्याच्यापुढचा आकडा सरकारच्या दप्तरात असायचा. त्याच आकड्याचं अर्ध त्याच्या बायकोला लागू झालं. मला वाटतं, तिच्याबद्दलची कणव मनात होतीच, पण ती रोख पगाराच्या वहीमुळे अमलात येऊ शकली.

एक गोष्ट मात्र डोळ्याआड करू नये. हक्क आधी मुलाचा होता, बायकोचा नंतर. मुलगा असेल तर आईला मिळायचं ते मुलाच्या चाकरीतून. तिचं स्वतःचं नाव वहीत आलं ते मुलगा नसल्यामुळे. हा धागा हातात ठेवा, तो पुढे आजपर्यंत येतो.

त्याच वेळी इंग्लंडमध्ये

महाराजांच्या काळात जगात इतर ठिकाणी काय चाललं होतं, हे पाहिलं की आपल्याकडच्या नोंदीची किंमत कळते. इंग्लंडमध्ये १५९३ साली राणी एलिझाबेथच्या काळात जायबंदी शिपायांसाठी कायदा झाला. तिथे पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव किंवा मोहल्ला. प्रत्येक पॅरिशने दर आठवड्याला ठरावीक पट्टी द्यायची आणि त्यातून जखमी शिपायाला पेन्शन मिळायची. पण ती शिपायाला. तो मेला तर बायकोला या कायद्याने काही नव्हतं. तिने इतर गरिबांसारखं पॅरिशच्या दारात जायचं.

१६४२ साली तिथे राजा आणि संसद यांच्यात यादवी सुरू झाली. संसदेला माणसं हवी होती, आणि घरच्यांचं काय होईल याची हमी मिळाल्याशिवाय माणसं येणार कशी? म्हणून त्याच वर्षी संसदेने जाहीर केलं की आमच्या बाजूने लढताना जो मरेल, त्याच्या बायका-मुलांची तरतूद आम्ही करू. पुढे विधवा जिल्ह्याच्या न्यायाधीशांपुढे अर्ज करू लागल्या. नवरा कोणत्या कप्तानाच्या हाताखाली होता, कुठे पडला, मागे मुलं किती, हे सगळं त्यात लिहायचं आणि अधिकाऱ्याचा दाखला जोडायचा. बहुतेक जणींना लिहिता येत नव्हतं. अर्ज दुसऱ्याने लिहायचा, खाली तिची खूण.

मग १६६० साल आलं. राजा परत गादीवर बसला आणि संसदेच्या बाजूने मेलेल्यांच्या विधवांचं पेन्शन बंद झालं. १६६२ साली नवा कायदा झाला तो राजाच्या बाजूने लढलेल्यांसाठी. विधवा त्याच, त्यांची मुलंही तीच, फक्त वही बदलली. प्रतापगडानंतर आपल्याकडे निमे वेतन चालू झालं १६५९ मध्ये, आणि तिकडे हजारो मैलांवर कुणाचं तरी चालू पेन्शन बंद झालं ते पुढच्याच वर्षी.

ज्या विधवेला असं पेन्शन नसेल, तिला पॅरिशची मदत उरायची. १६९७ साली तिथे कायदा झाला की पॅरिशच्या मदतीवर जगणाऱ्यांनी उजव्या खांद्यावर कापडाचा बिल्ला शिवून घ्यायचा. त्यावर पॉपर, म्हणजे भिकारी, या शब्दाचं पहिलं अक्षर आणि गावाच्या नावाचं पहिलं अक्षर. बाजारात गेली तरी बिल्ला, चर्चमध्ये गेली तरी बिल्ला. योगायोग असा की त्याच सुमारास, राजाराम महाराज जिंजीला असताना, सभासद आपली बखर लिहीत होता. निमे वेतन घेणाऱ्या बाईला असा बिल्ला लावायचं कारण नव्हतं. तिला मिळत होतं ते नवऱ्याच्या कमाईतलंच.

आपल्या शहराचे पुरे

आता आपल्या छत्रपती संभाजीनगरकडे येऊ. करणपुऱ्यातल्या देवीच्या यात्रेला आपण नवरात्रात जातो. पदमपुऱ्यात, जयसिंगपुऱ्यात, भावसिंगपुऱ्यात कुणाचे ना कुणाचे नातेवाईक राहतात. ही नावं कुठून आली याचा विचार आपण क्वचित करतो. करणपुरा बिकानेरच्या राव करणसिंहांच्या नावाचा, पदमपुरा त्यांचा मुलगा पदमसिंह याच्या नावाचा, भावसिंगपुरा बुंदीच्या राव भावसिंह हाडांच्या नावाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाचा. हे सगळे मोगल बादशहाच्या चाकरीत दख्खनमध्ये आलेले राजपूत सरदार. करणसिंह १६६९ मध्ये इथेच वारले. सरदार आला की त्याच्याबरोबर शेकडो माणसं यायची. म्हणजे आपलं निम्मं जुनं शहर मुळात शिपायांच्या घरांचं आहे.

मोगलांच्या फौजेतही नोंद होती, आणि फार बारीक होती. शिपायाचा चेहरा लिहायचे, म्हणजे रंग, उंची, तीळ, व्रण. घोड्याला डाग द्यायचे. पण ही नोंद कशासाठी? सरदाराने हजार स्वारांचे पैसे घेऊन पाचशेच ठेवले नाहीत ना, हे तपासण्यासाठी. म्हणजे आमच्या भाषेत ते ऑडिट. स्वार सरदाराचा नोकर होता, बादशहाचा नव्हे. तो मेला की त्याचा चेहरा यादीतून निघायचा आणि त्या जागी दुसरा यायचा. विधवांना, फकिरांना, विद्वानांना बादशहाकडून मदद-ए-मआश म्हणून जमीन किंवा रोकड मिळायची, पण ती बादशहाच्या मेहरबानीची गोष्ट होती. पुऱ्यातल्या साध्या स्वाराच्या बायकोला दिल्ली-आग्र्याला अर्ज कोण करून देणार? तिचं घर चालायचं ते सरदाराच्या घराण्याच्या मर्जीवर.

यादी असणं पुरेसं नसतं, हे मला इथे कळलं. यादी कशासाठी केली आहे, त्यावर घराचं नशीब ठरतं.

बालपरवेशी

मराठी राज्यातही पुढे हेच घडलं. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना खजिना रिकामा होता. सरदारांना रोख पगार देणं शक्य नव्हतं, म्हणून मुलूख तोडून देण्याची पद्धत वाढली आणि शाहू महाराजांच्या व पेशव्यांच्या काळात सरंजाम पक्का झाला. सरदाराने मुलूख सांभाळायचा आणि त्यातून स्वार ठेवायचे. राज्य दूरवर पसरलं, हे खरं. पण साध्या स्वाराचं नाव सरकारच्या वहीतून सरदाराच्या वहीत गेलं. सरदार चांगला असेल तर घर तरलं, नाहीतर नाही.

तरीही पेशव्यांच्या दप्तरात एक शब्द भेटतो, बालपरवेशी. चाकरीत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी दिलेली जमीन किंवा नेमणूक म्हणजे बालपरवेशी. किती नेमका शब्द आहे! त्यात शौर्याचा गाजावाजा नाही आणि उपकाराचाही नाही. मूल वाढवायला खर्च येतो, एवढंच तो सांगतो. आज हा शब्द आपल्या बोलण्यातून पार गेला आहे. वापरात आणण्यासारखा आहे.

बालपरवेशीतही मूल पुढे आणि आई मागे. मोठ्या घराण्यांतही असंच. १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले. शाहू महाराजांनी सेनापतीपद त्यांचा धाकटा भाऊ यशवंतराव याला दिलं. तो लहान होता, म्हणून कारभार पाहिला तो त्यांच्या आईने, उमाबाई दाभाडे यांनी. पद मुलाच्या नावावर, काम आईचं. गावोगावच्या लहान घरांतही हेच होत असणार, फक्त त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आणि मग १४ जानेवारी १७६१, पानिपत. तिथे माणसं इतकी पडली की कोण गेलं, कोण कैद झालं आणि कोण वाट चुकून कुठे राहिलं, हे अनेक घरांना कळलंच नाही. खुद्द सदाशिवरावभाऊंबद्दल लोकांच्या मनात इतकी शंका राहिली की पुढे एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं जमली आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पेशव्यांच्या घरात ही स्थिती, तर साध्या स्वाराच्या घरात काय असेल? नवरा मेला अशी खात्री नाही, म्हणून विधवा नाही. परत आला नाही, म्हणून सधवा तरी कशी म्हणायची? कपाळावरचं कुंकू ठेवायचं की पुसायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता, आणि वहीत काय लिहायचं, हा कारकुनापुढचा. आजच्या कायद्यातही माणूस बेपत्ता झाला तर सामान्यपणे सात वर्षांनी तो मृत मानला जातो. सैन्यात आणि सरकारी नोकरीत त्याआधीही कुटुंबाला पेन्शन सुरू करण्याचे नियम आता आहेत. पानिपतच्या बायकांना वाटच बघायची होती.

वही दुसऱ्याच्या हातात गेली

१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्या वर्षी ११ फेब्रुवारीला एलफिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला की लोकांची वतनं, इनामं, वर्षासनं पुढे चालू राहतील. लोकांना धीर आला. पण पुढे इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला भक्कम अधिकार मिळाले. जमीन तुमच्याकडे कशी आली, सनद दाखवा. सनद खरी का, तिचा सरकारी दप्तरात दाखला आहे का, दाखवा. ज्यांना ते जमलं नाही त्यांची इनामं खालसा झाली. अशी हजारो प्रकरणं झाली आणि १८५७ पूर्वीच्या असंतोषाचं ते एक कारण मानलं जातं.

त्या इनामांत सगळ्या प्रकारची होती. देवस्थानांची होती, सरदारांची होती आणि कुणाच्या तरी पणजोबाने लढाईत जीव दिला म्हणून मिळालेलीही होती. तीन पिढ्यांनंतर तो कागद कुठे असणार? माळ्यावरच्या गाठोड्यात, वाळवीने अर्धा खाल्लेला, आणि घरातल्या बाईला मोडी वाचता येत नाही. इंग्लंडमध्ये १६६० ला जे झालं, तेच इथे वेगळ्या तऱ्हेने झालं. राज्य बदललं की जुन्या राज्याचं देणं नव्या राज्याला दान वाटू लागतं. आणि दान थांबवायला कारण लागत नाही.

इंग्रजांनी आपल्या स्वतःच्या फौजेची वही मात्र चोख ठेवली. मुंबई इलाख्याच्या फौजेतला शिपाई निवृत्त झाला की त्याला पेन्शन मिळायचं, आणि ते नियमित मिळायचं. कोकणात दापोलीला अशा पेन्शनरांची वस्तीच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ फौजेतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत आणि मग साताऱ्यात राहिले. घरात दर महिन्याला येणारी ठरलेली रक्कम आणि मुलांना शिकवायचा बापाचा हट्ट, या दोन्हींतून पुढे काय घडलं, हे मी सांगायला नको. आपल्याच शहरातलं मिलिंद महाविद्यालय त्या शिक्षणाचं फळ आहे.

पण १८९० च्या दशकात महार समाजाची फौजेतली भरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. भरती बंद म्हणजे पुढच्या पिढीत पगार नाही, पेन्शन नाही आणि माणूस गेला तर बाईला काहीच नाही. वहीतून एकेक नाव काढणं वेगळं आणि एका समाजाला वहीचं दारच बंद करणं वेगळं.

पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान गेले. आजही त्या गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. ४६ हा आकडा एका गावाचा आहे. त्या काळी घरं केवढी असायची, ते आठवा आणि किती ताटं रिकामी राहिली असतील, ते मोजा. त्याच युद्धात १९१७ साली जायबंदी सैनिकांना हातचं काम शिकवण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं. ते आज पुण्याला खडकीत आहे.

आज काय आहे

स्वतंत्र भारतात हे देणं नियमांत बांधलं गेलं. जवान सेवेत असताना साध्या कारणाने वारला तर सामान्य कुटुंब पेन्शन, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. सेवेमुळे मृत्यू आला असं ठरलं तर विशेष कुटुंब पेन्शन, ६० टक्के. लढाईत गेला तर उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकं. महाराजांच्या काळच्या निम्म्यावरून आपण पूर्णावर आलो, याचा मला अभिमान वाटतो.

बायकोचं स्वतःचं स्थान मात्र हळूहळू सुधारत आलं. शौर्यपदकाबरोबर जो मासिक भत्ता मिळतो, तो पदकविजेत्याच्या विधवेने पुन्हा लग्न केलं तर बंद व्हायचा. अपवाद एकच, तिने दिराशी लग्न केलं तर चालू. म्हणजे पैसे घराण्यात राहिले तर ठीक. ही अट निघाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. सभासदाच्या बखरीपासून हातात ठेवलेला धागा तो हाच. तिला जे मिळतं ते तिचं म्हणून, की कुणाची आई आणि कुणाची वहिनी म्हणून?

आता एक घरातला अनुभव सांगते. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंच्या भावाचं सैन्यात असताना आजारपणाने निधन झालं. मागे वहिनी आणि दोन लहान मुली. वैजापूरकडचं गाव. पेन्शनचे कागद दोनदा परत आले. कारण काय, तर शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर माहेरचं नाव, आणि नवऱ्याच्या नोंदीत लग्नात ठेवलेलं नाव. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. कौतुकाने लिहितात, सगळे हसतात. पण ते नाव तांदळाबरोबर पुसून जातं आणि कागदोपत्री दोन बायका तयार होतात.

मी त्यांना घेऊन बसले. एका वहीत तारखेवार लिहिलं, कोणता कागद कुठे दिला, पोच मिळाली का. विवाह नोंदणीचा दाखला काढला, प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नावबदल छापून आणला. एका कार्यालयात त्यांना दुपारभर बसवून उद्या या सांगितलं, तेही तीन वेळा. अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत घर चाललं ते गावातल्या किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर. त्याने एकदाही तगादा लावला नाही, हे त्याचं मोठेपण. मग पेन्शन थकबाकीसह जमा झालं आणि पहिलं काम केलं ते त्याची उधारी चुकती करण्याचं.

नंतर त्या वहिनी मला म्हणाल्या, "काकू, आता दरवर्षी सरपंचाची सही आणायला लागंल का?" मी म्हटलं, "नाही गं. दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा. तू आहेस, एवढंच सांगायचं." त्यांना ते खरं वाटेना. त्यांनी दोनदा विचारलं.

एवढं कराच

सैन्यात माणूस असलेलं घर तुमच्या ओळखीत असेल तर तिथल्या बाईला पुढच्या गोष्टी जरूर विचारा. नवऱ्याच्या सेवा नोंदीत तिचं नाव चढलं आहे का? लग्न झाल्यावर आणि प्रत्येक मूल झाल्यावर पार्ट टू ऑर्डर निघाली का? त्या नोंदीतलं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे का? स्पेलिंगसुद्धा. बँकेत दोघांचं संयुक्त खातं आहे का? कागदांच्या प्रती तिच्या हाताशी आहेत का, की सगळं दिराच्या किंवा सासऱ्यांच्या कपाटात आहे? अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे, हे तिला ठाऊक आहे का? जवान सुट्टीवर घरी आला असताना हे काम एका दुपारी होतं. तो नसताना त्यालाच वर्ष लागतं.

हे फक्त सैनिकांच्या घरापुरतं नाही. आपल्या व्यापारी घरांतही दुकान, घर, विमा यांचे कागद पुरुषांच्या हातात आणि बायकांना किल्ली कुठे आहे तेवढं माहीत, असं अजून चालतं. दिवाळीत आपण वहीपूजन करतो, शाईने स्वस्तिक काढतो, हळद-कुंकू वाहतो. या वर्षी पूजा झाल्यावर वही उघडून बघा. घरातल्या बाईचं नाव कुठल्या पानावर आहे, ते शोधा, आणि नसेल तर त्याच आठवड्यात घालून घ्या.

ध्वजदिनाच्या डब्यात मी पैसे टाकतेच, तुम्हीही टाका. माझ्या घरखर्चाच्या वहीत मी ती रक्कम आता दानधर्माच्या पानावर लिहीत नाही. वाणी, दूधवाला, वीजबिल लिहिते, त्या पानावर लिहिते.

जय जिनेंद्र.